मोठा कॅमेरा असताना सोबत छोटा कोणता घ्यावा, आणि तो वापरात कसा राहावा?

कवडसा

"माझ्याकडे फुल फ्रेम मिररलेस आहे, जोडीला खिशात मावेल असा एखादा सुचवा" हा प्रश्न फोटोवेड्यांच्या गप्पांत हमखास निघतो, आणि उत्तरादाखल लगेच मॉडेलांची नावं पडायला लागतात. नावं मीही घेणार आहे, पण जरा वेळाने. छोटा कॅमेरा हौसेने घेऊन वर्षभरात विकून टाकणारे माझ्या ओळखीत पुष्कळ आहेत. त्यांची तक्रार थोड्याफार फरकाने एकच असते, मोठ्यासारखं चित्र येत नाही. ते येणारच नव्हतं! मोठ्याची छोटी आवृत्ती म्हणून घेतलेला कॅमेरा कायम कमीच पडतो. मोठा जिथे जातच नाही तिथल्यासाठी छोटा घ्यायचा असतो.

म्हणून खरेदीच्या आधी एवढंच करा: मोठा घरी राहिल्यामुळे कोणती चित्रं हुकतात ते आठवा. कुणाला कामावरून परततानाचा संध्याकाळचा प्रकाश आठवेल. कुणाला घरातली माणसं, जी एरवी मोकळी हसतात आणि मोठी लेन्स समोर आली की खांदे आवळून बसतात. कुणाला गाडीच्या खिडकीतून दिसलेलं काहीतरी. या उत्तरावर पुढचं सगळं ठरतं. संध्याकाळचा प्रकाश हुकत असेल तर मोठा सेन्सर (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पाटी) हवा. माणसं हुकत असतील तर झटकन चालू होणारा आणि आवाज न करणारा हवा. आणि दूरचं काहीतरी हुकत असेल तर झूम हवा, बाकीचं थोडं सोडून द्यावं लागलं तरी चालेल.

आकडे एकदाच बघून घेऊ, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. फुल फ्रेम सेन्सर ३६ × २४ मिमी. एपीएस-सी साधारण २३.५ × १५.६. मायक्रो फोर थर्ड्स १७.३ × १३. एक इंची म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी, त्याचा कर्णसुद्धा जेमतेम १६ मिमी भरतो. साध्या कॉम्पॅक्टमध्ये सर्रास असायचा तो १/२.३ इंची म्हणजे ६.१७ × ४.५५ मिमी. क्षेत्रफळाने फुल फ्रेम एक इंचीच्या जवळपास साडेसात पट भरतो, म्हणजे एकाच एफ नंबरला (लेन्सचं छिद्र किती उघडं आहे तो आकडा, लहान आकडा म्हणजे मोठं छिद्र) एक इंची सेन्सर जवळजवळ तीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) कमी प्रकाश गोळा करतो. एपीएस-सीचा तोटा सव्वा स्टॉपचा.

हे माहीत असलं की जाहिरातीतल्या एफ १.८ ने हुरळून जायला होत नाही. एक्स्पोजरपुरतं, म्हणजे चित्राच्या उजेडापुरतं, एफ १.८ कुठेही एफ १.८ च असतं. पण पार्श्वभूमी किती विरघळेल हा प्रश्न असेल तर एक इंचीवरचं एफ १.८ फुल फ्रेमवरच्या एफ ४.९ सारखं वागतं. दुसऱ्या टोकाला, एक इंचीवर एफ ८ लावलंत तर विवर्तनामुळे (छिद्र फार लहान झालं की प्रकाश कडांशी पसरतो, त्यामुळे) चित्र फुल फ्रेमवर एफ २२ लावल्यासारखं मऊ पडतं. म्हणून एक इंचीवाल्यांनी एफ ५.६ च्या पुढे सहसा जाऊ नये. गरजही नसते, एफ ४ लाच पुढचं-मागचं बरंच काही स्पष्ट येतं. निसर्गदृश्यं घेणाऱ्यांना ही सोयच आहे.

आता माझं मत, आणि ते मी ठामपणे मांडते: जोडीच्या कॅमेऱ्याला झूम नसलेला बरा. झूमचं काम मोठा करतोच. एकाच फोकल लेंग्थचा (लेन्स समोरचं किती रुंद दाखवते तो आकडा) कॅमेरा रोज जवळ बाळगला की काही दिवसांत डोळ्यांनाच ती चौकट दिसायला लागते, कॅमेरा काढायच्या आधीच कुठे उभं राहायचं ते पायांना कळतं. मी रिको जीआर ३ वापरते. एपीएस-सी सेन्सर, फुल फ्रेमच्या हिशोबात २८ मिमीची एफ २.८ लेन्स, बॅटरी आणि कार्डासकट २५७ ग्रॅम. माझी मोठी बॉडी आणि २४-७० मिमीची झूम लेन्स मिळून सव्वा किलोच्या वर जातात. वजनापेक्षाही जाडीचा फरक मोठा आहे. जीआर पँटच्या पुढच्या खिशात जातो, आणि बाहेर काढता काढता अंगठ्याखालचं बटण दाबलं की डोळ्यासमोर येईपर्यंत लेन्स बाहेर आलेली असते.

एक चित्र सांगते, त्यावरून मला काय म्हणायचंय ते लक्षात येईल. सुताराच्या कामाच्या जागी एका टेबलाच्या मापासाठी गेले होते. दारातून तिरपं ऊन येत होतं. रंध्यातून निघालेली एक लांब साल वळ्या घेत उठली आणि क्षणभर उन्हात पारदर्शक झाली, तिच्या आत लाकडाच्या रेषा दिसत होत्या. त्यांचे हात माझ्यापासून दोन फुटांवर होते. मी बोलता बोलताच चित्र घेतलं, त्यांनी मान वर केली नाही, रंधाही थांबला नाही. मापाच्या कामाला जाताना मोठा कॅमेरा मी नेलाच नसता. आणि नेला असता तर बॅग उघडेपर्यंत ती साल जमिनीवर पडून पाय देण्याजोगी झाली असती.

मोठा मला तितकाच प्रिय आहे. मुद्दाम ठरवून, तिपाई लावून, प्रकाशाची वाट बघत काम करायचं असतं तेव्हा त्याला पर्याय नाही. पण तुम्ही काय वापरता, का वापरता, आणि दोन्ही कॅमेऱ्यांना न्याय कसा देता ते वाचायला आवडेल. मॉडेलांच्या नावांपुरतं थांबू नका, वापराबद्दलही लिहा.

अंधारखोली

फार चांगला विषय काढलात कवडसाताई. मी फिल्मच्या काळातला माणूस, म्हणून थोडं मागचं सांगतो.

ज्या ३६ × २४ मिमीला आपण आज मोठा सेन्सर म्हणतो, ती चौकट एके काळी चिमुकली मानली जायची. ऑस्कर बारनाक यांनी सिनेमाची ३५ मिमी फिल्म आडवी चालवून लायकाचा पहिला नमुना पहिल्या महायुद्धाच्या आधी बनवला, आणि १९२५ च्या लाइपझिगच्या जत्रेत लायका लोकांसमोर आला. काचेच्या प्लेटांवर आणि मोठ्या शीट फिल्मवर काम करणाऱ्या व्यावसायिकांना एवढ्याशा निगेटिव्हमधून काय निघणार असं वाटायचं. बारनाक यांना दम्याचा त्रास होता, अवजड सरंजाम घेऊन डोंगर चढणं त्यांना झेपत नव्हतं. छोट्या कॅमेऱ्याची गरज तेव्हाही शरीराने आणि पायी चालण्यानेच दाखवून दिली.

दुसरं नाव योशिहिसा मैतानी यांचं. ऑलिंपसचा १९५९ चा हाफ फ्रेम (फिल्मच्या नेहमीच्या एका चौकटीत दोन चित्रं घेणारा) पेन त्यांचा, आणि १९७९ चा एक्सएसुद्धा. एक्सए माझ्याकडे अजून चालू स्थितीत आहे. ३५ मिमी एफ २.८ लेन्स, रेंजफाइंडर (अंतर जुळवून फोकस करायची खिडकी), आणि वर सरकतं झाकण. झाकण सरकवलं की कॅमेरा तयार, बंद केलं की लेन्स सुरक्षित. वेगळी टोपी नाही, वेगळी पिशवी नाही. फोकस करताना लेन्स बाहेर येत नाही अशी तिची रचना आहे, त्यामुळेच तिच्यावर सपाट झाकण बसू शकलं. आजच्या कॉम्पॅक्टकडे बघताना मी तीच कसोटी लावतो: खिशातून काढल्यापासून चित्र घेईपर्यंत हाताला किती कामं करावी लागतात?

तुमच्या जीआरचा वंशही फिल्मच्या काळातलाच. १९९६ चा जीआर१ फिल्मचा होता, २८ मिमी एफ २.८. २००५ ला जीआर डिजिटल आला तो छोट्या सेन्सरचा. २०१३ ला एपीएस-सी बसवला. चौकट मात्र २८ चीच ठेवली. जपानचे दाइदो मोरियामा रस्त्यावरची चित्रं याच घराण्यातल्या कॅमेऱ्यांनी वर्षानुवर्षं काढत आले आहेत.

निवांत

लेख आवडला, पण एक शंका प्रामाणिकपणे विचारतो. खिशात मोबाइल असतोच की. आताचे मोबाइल रात्रीसुद्धा चांगली चित्रं काढतात. मग तिसरं यंत्र कशाला सांभाळायचं? माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) डीएसएलआर आहे आणि बाकी सगळं मोबाइलवर भागतं.

कवडसा

निवांत, शंका रास्त आहे, आणि भागत असेल तर घेऊ नका, हे मनापासून सांगते.

मोबाइल पाठोपाठ अनेक फ्रेम घेऊन त्या एकत्र करतो, म्हणून एवढ्याशा सेन्सरातून रात्रीचं चित्र स्वच्छ निघतं. स्थिर विषयाला ते उत्तम. धावणारं मूल, मान वळवणारा माणूस, हलती पानं आली की त्या जोडकामाचे सांधे दिसायला लागतात. दुसरं म्हणजे फ्लॅश. ज्या कॉम्पॅक्टना अंगचा झेनॉन फ्लॅश असतो त्याचा झोत सेकंदाच्या हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही छोटा असू शकतो, त्याने हालचाल गोठते. मोबाइलचा दिवा एलईडीचा, त्याला ते जमत नाही. सध्या तरुण मुलं जुने कॉम्पॅक्ट शोधत फिरतात त्यामागे या फ्लॅशच्या चित्रांची ओढ मोठी आहे. (जीआर ३ मध्ये फ्लॅश काढून टाकला आहे. जीआर २ मध्ये होता. ही उणीव मला खरंच जाणवते.)

तिसरं कारण मोजता येत नाही, पण माझ्यासाठी सगळ्यात मोठं आहे. मोबाइल हातात घेतला की त्यावर निरोप आलेले असतात. कॅमेऱ्यात फक्त बघायचं असतं.

दुर्बिणवाला

माझा मोठा कॅमेरा म्हणजे अक्षरशः मोठा. पक्षी टिपतो, त्यामुळे बॉडीवर कायम ६०० मिमी चढलेली असते. तळ्याकाठी बसलोय, समोर धुकं वर उठतंय, पलीकडच्या काठावर गवताचा रंग बदलतोय, आणि माझ्या लेन्समधून दिसतेय फक्त एका बगळ्याची मान. लेन्स बदलायला जावं तर तेवढ्यात पक्षी उडणार आणि सेन्सरवर धूळ बसणार ती वेगळीच.

म्हणून जॅकेटच्या खिशात सोनी आरएक्स१०० मार्क ३ असतो. २०१४ चा कॅमेरा आहे, २४-७० एफ १.८-२.८, एक इंची सेन्सर. पक्ष्याचं चित्र मोठ्यावर आणि त्याच्या जागेचं छोट्यावर, असं दोन्ही सोबत ठेवायला लागल्यापासून माझ्या नोंदींना अर्थ आला. नुसत्या पिसांच्या चित्रावरून पक्षी ओळखता येतो, पण तो कुठल्या झाडाच्या कुठल्या उंचीवर बसला होता, पाण्यापासून किती लांब होता, हे जागेच्या चित्रावरूनच कळतं.

दोन कॅमेरे वापरणाऱ्या प्रत्येकाने एक गोष्ट जरूर करावी: दोन्हींची घड्याळं सेकंदापर्यंत जुळवून ठेवावी. घरी येऊन चित्रं वेळेनुसार लावली की सगळी सकाळ आपोआप क्रमाने उलगडते. घड्याळं जुळलेली नसतील तर दोन्ही कॅमेऱ्यांनी मोबाइलवरच्या घड्याळाचं एकेक चित्र घेऊन ठेवा. मग नंतर संगणकावर एका कॅमेऱ्याच्या सगळ्या फायलींची वेळ तेवढ्या फरकाने सरकवता येते. आणि फायलींच्या नावांची सुरुवात दोन्हींत वेगळी ठेवा, नाहीतर एकाच फोल्डरमध्ये टाकताना एकसारख्या नावांचा घोळ होतो.

चष्मेवाली

माझा मुद्दा व्ह्यूफाइंडरचा. मला जवळचा आणि लांबचा असे दोन्ही नंबर आहेत. भर उन्हात मागच्या स्क्रीनवर काही दिसत नाही, आणि हात लांब करून धरला की चित्र हलतं. डोळ्याला लावायची खिडकी असली की कॅमेरा कपाळाला टेकतो, कोपरं छातीशी येतात, आपोआप स्थिरता मिळते. नंबर जुळवायची चकतीही असते, चष्मा काढून वापरता येतो.

कवडसा, तुमच्या जीआरला खिडकीच नाही. वर बसवायची वेगळी मिळते, पण ती नुसती चौकट दाखवते, फोकस कुठे झाला ते दाखवत नाही. म्हणून मी फुजीफिल्म एक्स१००व्ही घेतला. ३५ मिमीची चौकट, एफ २, आणि खिडकी दुहेरी: खटका सरकवला की काचेतून सरळ समोरचं दृश्य आणि त्यावर चौकटीच्या रेषा, पुन्हा सरकवला की इलेक्ट्रॉनिक. काचेतून बघताना चौकटीच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे कुणी चौकटीत शिरणार आहे हे आधीच कळतं. मला हे फार आवडतं.

पण तो खिशात मावत नाही हे मान्य करते. पावणेपाचशे ग्रॅम वजन आहे, खांद्यावर अडकवावा लागतो. आणि सांधे दुखणाऱ्यांनी अगदी चिमुकले कॅमेरे हातात धरून बघितल्याशिवाय घेऊ नयेत. आरएक्स१०० ची बटणं माझ्या बोटांना सापडत नाहीत आणि गुळगुळीत अंगामुळे तो निसटेल अशी भीती वाटते. दुर्बिणवाला, तुम्ही पकड चिकटवली आहे का?

दुर्बिणवाला

हो ताई, रबराची चिकटवायची पकड लावली आहे, आणि मनगटाचा पट्टा तर हवाच. गळ्यातला पट्टा लावला की छोटा कॅमेरा जॅकेटमधून ओढून काढताना अडकतो. मनगटाचा पट्टा तेवढ्यातच गुंडाळून राहतो.

तिसरा_प्रहर

मी थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका. वेगळा बंद लेन्सचा (लेन्स न बदलता येणारा) कॅमेरा घेण्यापेक्षा आपल्याच माउंटची (लेन्स बसवायच्या कड्याची) छोटी बॉडी आणि एक चपटी पॅनकेक लेन्स घ्यावी असं माझं मत आहे. फुजीवाल्यांना २७ मिमी एफ २.८ आहे. मायक्रो फोर थर्ड्समध्ये तर पॅनासॉनिकने २०१३ मध्ये जीएम१ काढला होता, नुसती बॉडी २०० ग्रॅमच्या आसपास. बॅटऱ्या काही वेळा सामाईक, मेनू ओळखीचे, रंग जुळतात. शिवाय मोठी बॉडी ऐन वेळी बंद पडली तर लेन्स छोटीवर चढवून काम पुरं करता येतं. हा शेवटचा फायदा बंद लेन्सच्या कॅमेऱ्यात कधीच मिळणार नाही.

कवडसा

तिसरा_प्रहर, राग कसला! बॉडी बंद पडण्याचा मुद्दा अगदी बरोबर आहे. लग्नसमारंभ किंवा पैसे घेऊन कामं करणाऱ्यांना मी तुमचाच सल्ला देईन. रंग जुळण्याचाही. दोन कंपन्यांच्या जेपेगमध्ये त्वचेचा रंग इतका वेगळा येतो की एका अल्बममध्ये शेजारी ठेवता येत नाहीत. मी म्हणूनच दोन्हीकडे रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) घेते आणि व्हाइट बॅलन्स (प्रकाशानुसार रंगांचा समतोल) हाताने एकसारखा करते.

तरी माझ्या पारड्यात बंद लेन्स जड का पडते ते सांगते. लेन्स आणि सेन्सर कायमचे एकमेकांसाठी बनवलेले असले की लेन्सचं मागचं भिंग सेन्सरच्या अगदी जवळ आणता येतं, माउंटची जागा वाचते. म्हणून एपीएस-सी असूनही जीआर इतका चपटा होतो. दुसरं, या कॅमेऱ्यांत बऱ्याचदा लीफ शटर, म्हणजे पाकळ्यांचं शटर, लेन्समध्येच असतं. मोठ्या कॅमेऱ्याचं पडद्याचं शटर साधारण १/२०० किंवा १/२५० पर्यंतच फ्लॅशशी जुळतं. लीफ शटर त्याच्या कितीतरी पुढे जातं, म्हणजे भर दुपारी पाठीमागे लख्ख आकाश असताना चेहऱ्यावर छोटासा फ्लॅश टाकता येतो. आणि आवाज! वाचनालयाच्या शांततेतसुद्धा शेजारच्याला कळत नाही. मोठ्यावर इलेक्ट्रॉनिक शटर लावून आवाज घालवता येतो, पण बऱ्याच बॉडींत तसं केलं की एलईडीच्या दिव्यांखाली पट्टे उमटतात आणि वेगाने सरकणारी वस्तू तिरपी होते.

आणि लेन्स बदलता येत असली की लेन्स घ्यावीशी वाटतेच. मग पिशवी येते. पिशवी आली की तो कॅमेरा पुन्हा घरी राहायला लागतो. हे मी माझ्या आजूबाजूला फार बघितलं आहे.

माळरान

वापरलेला घेणाऱ्यांसाठी लिहितो, कारण आवडते कॉम्पॅक्ट नव्याने मिळणं अवघड असतं आणि बरीचशी खरेदी जुन्याचीच होते. २०१० च्या सुमारास जगभर वर्षाला बारा कोटी डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडत होते आणि त्यातले बहुतेक कॉम्पॅक्ट होते. मोबाइलने तो बाजार संपवला, पण ते कॅमेरे अजून कपाटांत पडून आहेत.

बाहेर येणाऱ्या लेन्सचा सगळ्यात मोठा शत्रू धूळ. लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते, हवेबरोबर खिशातली कुसं आत जातात आणि सेन्सरवर बसतात. लेन्स निघत नाही, त्यामुळे घरी साफ करता येत नाही, उघडायलाच लागतो. म्हणून घेताना कोरी भिंत किंवा मोकळं आकाश सगळ्यात लहान छिद्र लावून टिपा आणि चित्र मोठं करून कोपऱ्यांपर्यंत बघा. करडे ठिपके दिसले तर धूळ आहे. लेन्स बाहेर येताना कान द्या. घरघर, अडखळणं, एका बाजूला कलणं, यातलं काहीही असलं तर सोडून द्या. लेन्सवरचं पाकळ्यांचं झाकण पूर्ण मिटतं का, झूमच्या दोन्ही टोकांना कोपरे सारखेच स्पष्ट येतात का, फ्लॅश पेटतो का, बॅटरी फुगलेली तर नाही ना, तिच्या खणातले पत्रे हिरवट पडलेत का, हे सगळं बघायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

फार जुना घेत असाल तर कार्डाचंही बघा. २००६ च्या आधीचे बरेच कॅमेरे २ जीबीच्या वरची कार्डं वाचतच नाहीत, कारण एसडीएचसी (जास्त क्षमतेचं कार्ड) त्यानंतर आलं. ऑलिंपस आणि फुजीच्या त्या काळच्या काही कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागतं, ते आता बनत नाही.

आणि जुन्या सीसीडी सेन्सरचे रंगच काही और, असं सारखं ऐकू येतं. मला ते पटत नाही. रंग ठरतात ते सेन्सरवरच्या रंगीत गाळणीने आणि त्या काळच्या जेपेग प्रक्रियेने. सीसीडी काय किंवा सीमॉस काय, प्रकाश मोजायची ती पद्धत झाली. त्या कॅमेऱ्यांची चित्रं आवडत असतील तर जरूर घ्या, फक्त सीसीडी या तीन अक्षरांसाठी जास्तीचे पैसे मोजू नका.

अंधारखोली

माळरान यांनी धुळीबद्दल लिहिलं ते सोन्यासारखं आहे. छोट्या कापडी पाकिटात घालून मगच खिशात ठेवावा, आणि ते पाकीट महिन्यातून एकदा उलटं करून झाडावं. त्यात जमा झालेली लव बघितली की कळतं, ती नाहीतर कुठे गेली असती.

चष्मेवाली

एक्स१००व्ही वाल्यांना अजून एक. त्याची लेन्स बाहेर येत नाही, फोकस होताना थोडी आत-बाहेर होते एवढंच. पुढे अडॅप्टर रिंग आणि फिल्टर बसवला की पाणी आणि धुळीला बराच अटकाव होतो. रिमझिम पावसात मी निर्धास्त काढते. शिवाय आत चार स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारा) आहे, तो एका बटणावर देऊन ठेवा. लख्ख उन्हातही एफ २ वापरता येतं.

निवांत

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. माझं मत बदलतंय असं दिसतंय. एका मित्राचा जीआर ३ काही दिवसांसाठी मिळणार आहे. कवडसा, दोन गोष्टी सांगाल का? बॅटरी खरंच लवकर संपते का? आणि रस्त्यावर चालता चालता चित्रं काढणारे लोक फोकसची वाट न बघता कशी काढतात? तुम्ही "बोलता बोलताच चित्र घेतलं" असं लिहिलंय, ते माझ्या डोक्यात बसलंय.

कवडसा

वा, मिळतोय तर भरपूर वापरून घ्या!

बॅटरीचं खरं आहे. कंपनीचाच आकडा एका चार्जला सुमारे २०० चित्रांचा आहे. दुसरी बॅटरी खिशात ठेवायचीच, ती नाण्यांच्या पाकिटातसुद्धा मावते. कॅमेऱ्यातच यूएसबी-सीने चार्ज होतो, म्हणून मोबाइलची बॅटरी पॅक चालते. प्रत्येक चित्रानंतर ते स्क्रीनवर दाखवायची सोय बंद करा. त्याने बॅटरी वाचते, आणि मुख्य म्हणजे तुमचे डोळे समोरच्या माणसावर राहतात.

आता फोकसचं. जीआरमध्ये स्नॅप फोकस नावाची सोय आहे. अंतर आधीच ठरवून ठेवायचं आणि शटरचं बटण न थांबता एकदम पूर्ण दाबायचं. कॅमेरा फोकस शोधत बसत नाही, त्या अंतरावर जाऊन लगेच चित्र घेतो. अर्धं दाबलंत तर नेहमीसारखा ऑटोफोकस होतो, म्हणजे एकाच बटणात दोन्ही आहे.

अंतर आणि एफ नंबर यांची जोडी अशी. लेन्स प्रत्यक्षात १८.३ मिमीची आहे. २ मीटर आणि एफ ५.६ लावलंत तर साधारण १.२ मीटरपासून ६ मीटरपर्यंत सगळं स्वीकारण्याइतकं स्पष्ट येतं. रस्त्यासाठी, घरातल्या गर्दीसाठी एवढं पुरतं. ऊन चांगलं असेल तर एफ ८ करा, मग २ मीटरलाच जवळपास एक मीटरपासून पार लांबपर्यंत सगळं आवाक्यात येतं. आयएसओ (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) ऑटोवर ठेवा आणि किमान शटरस्पीड १/२५० द्या, कारण तुम्हीही चालत असता आणि समोरचाही. सुताराकडे मात्र हात दोन फुटांवर होते, तिथे स्नॅपचा उपयोग नव्हता. मी अर्धं बटण दाबून ऑटोफोकसच केला होता. इतक्या जवळ तेच करा.

सुरुवातीला घरातच सराव करा. दोन मीटर म्हणजे किती ते पावलांनी मोजून घ्या, बहुतेकांची तीन पावलं भरतात. खुर्ची, दार, टेबलाचा कोपरा, कशाकडेही बघून दोन मीटर आहे का याचा अंदाज बांधायचा आणि मग मोजून बघायचं. तो अंदाज पक्का झाला की मगच बाहेर पडा. आणि मित्राला कॅमेरा परत द्यायच्या आधी काढलेल्या चित्रांतली पाच-सहा इथे टाका, कोणतं अंतर लावलं होतं तेही लिहा, म्हणजे कुठे काय सुधारता येईल ते बघता येईल.